पिवळं हरवलेलं फूल: वऱ्हाडातल्या एका कपाशीची हकीकत

फाल्गुनात पळस फुलला आणि एखाद्या रानात पांढऱ्या फुलांचा पळस सापडला की विदर्भात त्याची बातमी होते. लोक बघायला जातात. कोणी हळदीकुंकू वाहतं, कोणी साल खरवडून नेतं, कोणी रात्री येऊन मुळी खणतं. पांढऱ्या पळसाच्या मुळीने गुप्तधन दिसतं अशी समजूत आहे, आणि त्या समजुतीपायी झाडाचा जीव जातो. त्या झाडात चमत्कार एवढाच असतो की केशरी रंग तयार होण्याच्या कामात कुठेतरी अडथळा आलेला असतो.

पण रंग हरवलेलं आणखी एक फूल याच जिल्ह्यात एकेकाळी शेतंच्या शेतं भरून फुलत होतं. त्याच्या दर्शनाला कोणी गेलं नाही, त्याची मुळी कोणी खणली नाही. ते कपाशीचं फूल होतं. पळसाच्या दहा झाडांनी कोणाचं नशीब बदललं असेल असं मला वाटत नाही. या पांढऱ्या फुलाने मात्र वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा हिशेब बदलला, मुंबईच्या बाजारात वऱ्हाडी रुईची ओळख बदलली, आणि बनी नावाचा एक सुंदर कापूस शेतातून हद्दपार व्हायला हातभार लावला. ती हकीकत सांगायची आहे.

आधी फूल नीट बघू. आज आपल्याकडे जी कपाशी दिसते ती मूळची अमेरिकन जातीची आहे. तिचं फूल सकाळी दुधाळ, साईसारख्या रंगाचं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. आपल्या आजोबा-पणजोबांची देशी पऱ्हाटी वेगळी होती. तिचं फूल लहान, घंटेसारखं खाली झुकलेलं, बहुधा हळदीसारखं पिवळं, आणि आत पाकळ्यांच्या तळाशी गडद तांबडा डाग. या डागाला आपण डोळा म्हणू. म्हणजे एकाच फुलात दोन वेगळे रंग, आणि ते येतात दोन वेगळ्या वाटांनी. पाकळीचा पिवळा एका वाटेने, डोळ्याचा तांबडा दुसऱ्या. एक वाट बंद झाली तरी दुसरी चालू राहू शकते. ज्या फुलाबद्दल मी लिहितो आहे त्यात पिवळ्याची वाट बंद होती. पाकळी पांढरी, डोळा तसाच तांबडा, आणि कोमेजताना पाकळीवर गुलाबी झाक. म्हणून वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनमध्ये त्याला 'रोझियम', म्हणजे गुलाबी, हे नाव मिळालं. पूर्ण नाव होतं 'गॉसिपियम नेग्लेक्टम रोझियम'. नेग्लेक्टम म्हणजे दुर्लक्षित. वऱ्हाडातल्या कपाशीला 'दुर्लक्षित गुलाबी' हे नाव सरकारी कागदावर पडावं, यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

पांढरं म्हणजे सगळीकडे सारखंच पांढरं नव्हे, हे इथेच सांगून ठेवतो. ऑर्किडच्या फुलांचे शौकीन 'अल्बा' म्हणून ज्या फुलांना हजारो रुपये मोजतात, त्यांत बहुधा तांबडं-जांभळं द्रव्य नसतं, पिवळं मात्र मध्यभागी शिल्लक असतं. आपल्या कपाशीत नेमकं उलट: पिवळं गेलं, तांबडं राहिलं. दोन्हीला बघणारा पांढरंच म्हणतो.

फुलांच्या रंगांची मोजदाद करण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. बाबराने काबूलच्या परिसरातल्या रानट्यूलिपचे प्रकार एकदा मोजायला लावले, ते बत्तीस की तेहेतीस भरले, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. जहांगीर काश्मीरला गेला तेव्हा उस्ताद मन्सूरने तिथल्या शंभराहून जास्त फुलांची चित्रं काढली. ही बादशाही नजर. कपाशीच्या फुलाकडे मात्र बादशहाने पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं ते महसूल खात्याने, पुढे लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने.

वऱ्हाड निजामाचा. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. नाव निजामाचं, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटचा, अशी पन्नास वर्षं गेली. १९०२ च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. आज आपण ज्याला यवतमाळ जिल्हा म्हणतो तो तेव्हा वणी जिल्हा होता. १९०५ च्या फेररचनेत दारव्हा आणि पुसद त्याला जोडले गेले आणि जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं.

या अदलाबदलीच्या मध्ये कापसाचं वेड येऊन गेलं होतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस लँकेशायरला जाईना, आणि मग सगळ्यांना वऱ्हाड आठवला. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. यवतमाळकडचा कापूस बैलबंड्यांतून धामणगाव स्टेशनला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी गाडी आली, जिला पुढे सगळे शकुंतला म्हणू लागले. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. रॅली ब्रदर्स, वोल्कार्ट ही नावं वऱ्हाडी अडत्यांच्या तोंडी रुळली. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडी रुईला 'उमरा' म्हणत, उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून.

त्या वेळी वऱ्हाडात कपाशीचे ढोबळ दोन प्रकार मानले जात: बनी आणि जरी. बनी हा जुना, उशिरा येणारा, लांब आणि रेशमासारख्या मऊ धाग्याचा. हिंगणघाटचा कापूस म्हणून जो नावाजला होता तो हाच. धागा साधारण इंचभर. देशी कापसात हे मोठं मोल होतं. जरी म्हणजे लवकर येणारा, आखूड धाग्याचा, काटक. पण जरी ही एक जात नव्हती, ती खिचडी होती. एकाच वावरात चार-पाच तऱ्हेची झाडं उभी असत, काही पिवळ्या फुलांची, काही पांढऱ्या फुलांची.

हा फरक सगळ्यात आधी कळत असेल तर पिंजाऱ्याला. धनुकलीच्या तातीवर बनीची रुई कशी उडते आणि जरीची कशी, हे हाताला कळतं, त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पिंजारी हे आपल्याकडे बहुतेक मुसलमान. मध्य प्रांतात त्यांना बहना किंवा धुनिया म्हणत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला त्यात 'बहना' या नावाने त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. आज यातले बरेच जण मन्सुरी आडनाव लावतात. ते नाव बगदादला ९२२ मध्ये सुळावर गेलेल्या मन्सूर हल्लाजशी जोडलेलं आहे, आणि अरबीत हल्लाज म्हणजे पिंजारीच. एवढंच कशाला, इंग्रजीतला 'कॉटन' हा शब्दसुद्धा अरबी 'कुत्न'वरून गेलेला. गादी पिंजणाऱ्याला दारात उभं करून घासाघीस करणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यायला हरकत नाही.

आता खिचडीकडे येऊ. बनीत जरी मिसळते आणि माल खराब होतो ही ओरड इंग्रज अमदानीच्या सुरुवातीपासून आहे. १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा केला. १८६०च्या दशकातच मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस कमिशनर नेमला गेला. रिव्हेट-कार्नॅक हे त्या पदावरचं गाजलेलं नाव. १८९७ मध्ये रेसिडेंटच्या हुकुमाने वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा लागू झाला. हिंदुस्थानातला बाजार समित्यांचा हा पहिला कायदा, म्हणजे आजच्या कृषी उत्पन्न बाजार समितीची आजीच म्हणा. वजन-मापं, दलाली, बाजाराची जागा या गोष्टी त्याने शिस्तीत आणल्या. पण बाजारात पोचलेला कापूस शिस्तीत आणता येतो. बियाण्यातली मिसळ आणता येत नाही. कारण ती मिसळ जिनिंगमध्ये होत होती. पूर्वी घरच्या रेच्यावर कापूस रेचला जाई, सरकी घरातच राही, पुढच्या वर्षी तीच पेरली जाई. कारखान्यात दहा गावांचा कापूस एका ढिगात पडू लागला आणि सरकीही एकाच ढिगातून परत येऊ लागली. शेतकऱ्याने काय पेरलं ते शेतकऱ्यालाही ठाऊक नसे.

या गोंधळात फुलाचा रंग कामाला आला.

पुण्याला सरकारी वनस्पतितज्ज्ञ असलेल्या गॅमी यांनी १९०० नंतरच्या वर्षांत सगळ्या हिंदुस्थानातल्या कपाशीची झाडं एकत्र लावून त्यांची वर्गवारी केली. 'नेग्लेक्टम' या गटाची त्यांनी केलेली विभागणी फार सोपी होती. दोन गोष्टी बघायच्या: पान अरुंद कापलेलं की रुंद, आणि फूल पिवळं की पांढरं. यातून चार घरं तयार होतात. अरुंद पान पिवळं फूल म्हणजे 'व्हेरा'. रुंद पान पिवळं फूल म्हणजे 'माल्व्हेन्सिस'. अरुंद पान पांढरं फूल ते 'रोझियम', आणि रुंद पान पांढरं फूल ते 'कच्छिका'. वऱ्हाडातली जरी या सगळ्यांची सरमिसळ होती, आणि त्यात बनीही शिरलेली होती.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या शेतकी खात्यात तेव्हा डेव्हिड क्लाऊस्टन हे अधिकारी होते. पुढे ते हिंदुस्थान सरकारचे शेती सल्लागार झाले. त्यांच्या खात्याने या खिचडीतून एकेक प्रकार वेगळा काढून शेतावर तोलून पाहिला. सगळ्यात फायद्याचा ठरला रोझियम. मग त्याचं निवडक बियाणं वाढवून वाटलं गेलं, सरकारी शेतांतून आणि खासगी बियाणे-मळ्यांतून. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे वऱ्हाडात त्याचा बोलबाला होता. खानदेशातही हाच कापूस गेला. तिकडे त्याला नुसत्या आद्याक्षरांनी 'एन.आर.' म्हणत.

रोझियमच का, याचं पहिलं उत्तर हिशेबाचं आहे. शंभर शेर कापूस जिनमध्ये घातला तर बनीचा रुईचा उतारा पंचवीस ते अठ्ठावीस शेरांच्या घरात पडायचा, रोझियमचा अडतीस-चाळीसच्या. म्हणजे तेवढ्याच कापसातून जवळपास दीडपट रुई. शिवाय बनी उशिरा यायची, पावसाने दगा दिला की आधी तीच मार खायची, आणि एकरी कापूसही कमी द्यायची. बनी परवडायची तर तिच्या रुईला दीडपटीहून जास्त भाव मिळायला हवा होता. तो मिळत नव्हता. मिळाला तरी शेतकऱ्याच्या हातात तो फरक पडत नव्हता, कारण व्यापारी बनी घेऊन त्यात जरी मिसळून बनीच्याच नावाने पुढे विकू शकत होता. जपानच्या गिरण्यांना आखूड धाग्याचा स्वस्त माल चालत होता. रोझियमचा खरबरीत धागा लोकरीत मिसळायलाही बरा पडे.

दुसरं कारण कमी सांगितलं जातं, आणि माझ्या मते तेच जास्त मजेशीर आहे. पांढरं फूल ही हातात आलेली खूण होती.

१९०८ मध्ये मद्रासला फायसन यांनी आणि १९११ मध्ये कानपूरच्या लीक यांनी देशी कपाशीच्या संकरांवरचं काम छापलं. मेंडेलचे वाटाण्याचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. पिवळ्या फुलाची देशी कपाशी आणि पांढऱ्या फुलाची, यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळी झाडं पिवळी फुलतात. त्यांची सरकी पेरली की पुढच्या पिढीत साधारण तीन पिवळी, एक पांढरं. याचा अर्थ असा. रंग बनवायचा हुकूम झाडाला आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोनदा मिळतो. दोनांतला एक जरी शाबूत असला तरी पाकळी पिवळी होते. दोन्ही बिघडलेले असतील तेव्हाच पांढरी.

आता हे वावरात नेऊन बघा. पिवळ्या फुलाच्या झाडाच्या पोटात पांढरं लपलेलं असू शकतं. बाहेरून कळायला मार्ग नाही. पांढऱ्या फुलाच्या पोटात मात्र पिवळं लपूच शकत नाही. तेव्हा पांढऱ्या फुलांच्या शेतात एखादं पिवळं फूल दिसलं तर ते परकं, उपटून फेका. त्याला ना सूक्ष्मदर्शक लागतो, ना जिनिंगची वाट पाहावी लागते. बियाणे-मळ्यावर राबणाऱ्या मजुरालाही ते सांगता येतं. बनीचं फूल पिवळं. आणि पिवळे व्हेरा, माल्व्हेन्सिस तिच्या आजूबाजूला. बनी शुद्ध ठेवायची तर प्रत्येक झाडाची रुई काढून धागा मोजावा लागणार. देशी कपाशीत दरवर्षी थोडं परपरागीकरण होतच राहतं, मधमाश्या कोणाचं ऐकत नाहीत. त्यामुळे हे काम दर हंगामात नव्याने करावं लागणार. शुद्ध ठेवायला सोपं ते टिकलं, अवघड ते मिसळत गेलं. हिशेबाने रोझियम जिंकला हे खरं, पण त्या जिंकण्यात त्याच्या न रंगलेल्या पाकळीचा वाटा होता, असं मला वाटतं.

तिकडे इंग्लंडात याच फुलांमधल्या रंगावर एक रसायनतज्ज्ञ काम करत होता. आर्थर जॉर्ज पर्किन. १८५६ मध्ये डांबरातून 'मॉव्ह' हा पहिला कृत्रिम जांभळा रंग काढणाऱ्या विल्यम हेन्री पर्किनचा हा मुलगा. बापाच्या शोधाने आणि पुढच्या कृत्रिम रंगांनी जगभरच्या नैसर्गिक रंगांचा आणि रंगाऱ्यांचा बाजार बसवला. आपल्याकडचे रंगरेज त्यातलेच. मुलगा मात्र आयुष्यभर फुलापानांतल्या नैसर्गिक रंगांचा शोध घेत राहिला. १८९९ मध्ये त्याने कपाशीच्या फुलातून एक पिवळं द्रव्य वेगळं केलं आणि गॉसिपियमवरून त्याला 'गॉसिपेटिन' नाव दिलं. १९०४ मध्ये हमेल यांच्यासोबत त्याने पळसाच्या फुलातल्या रंगाचं पृथक्करण केलं. म्हणजे यवतमाळच्या रानातलं आणि यवतमाळच्या वावरातलं अशी दोन्ही फुलं एकाच माणसाच्या काचेच्या नळीतून गेली.

गॉसिपेटिन हे कांद्याच्या सालीत सापडणाऱ्या क्वर्सेटिनचं सख्खं भावंड. फरक एका हायड्रॉक्सिलचा, म्हणजे एका ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा. ती जोडी नेमक्या जागी बसली की फिकट द्रव्याला चांगला पिवळा रंग चढतो. पाकळीत ही द्रव्यं एकामागून एक तयार होत जातात, एका कारागिराने दुसऱ्याच्या हातात काम द्यावं तशी. मधला एक कारागीर कामावर आला नाही की पुढचा माल निघत नाही. पांढऱ्या पाकळीची गोष्ट इतकीच आहे. झाडाला त्याने काही दुखत नाही, बोंड लागायचं थांबत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पांढरं फूल म्हणजे जाडाभरडा धागा, हे समीकरण तेव्हाही अनेकांच्या डोक्यात होतं. वऱ्हाडापुरतं ते दिसायलाही खरं होतं. पण फुलाचा रंग धाग्याची लांबी ठरवत नाही. अमेरिकन कपाशीचं फूल फिकटच असतं आणि तिचा धागा आपल्या पिवळ्या जरीपेक्षा लांब. इजिप्तच्या नावाजलेल्या कपाशीचं फूल चांगलं पिवळं आणि धागा त्याहून लांब. वऱ्हाडात पांढरं फूल आणि आखूड धागा एकाच घराण्यात नांदत होते, एवढंच. खूण आणि गुण यांची गल्लत माणूस फार लवकर करतो, माणसांच्या बाबतीत तर आणखीच लवकर.

'अडाणी शेतकऱ्याने चांगला कापूस सोडून वाईट धरला' हे वाक्य त्या काळच्या लिखाणात वेगवेगळ्या रूपांत भेटतं. ते मला कधीच पटलं नाही. शेतकऱ्याने गणित केलं होतं आणि ते बरोबर होतं. क्लाऊस्टन यांचंही श्रेय हे की गिरणीवाल्यांना काय हवं यापेक्षा शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं हे त्यांनी आधी बघितलं. पण नुकसान झालंच नाही असंही नाही. ते वेगळ्या दारात जाऊन पडलं. हाताने बारीक सूत कातायला बनीसारखा धागा लागतो. मोमीन विणकर तोवर गिरणीच्या सुताकडे वळलेच होते. आता परत फिरायचं म्हटलं तरी गावच्या वावरात तसा कापूस उरला नव्हता. पिंजाऱ्याच्या हाती आली ती गादी-उशीची रुई. एका कारागीर जमातीचं कसब गाद्या भरण्यापुरतं आक्रसलं, त्यामागे फक्त यंत्रं नव्हती, बियाणंही होतं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत विणकरांच्या बोटांच्या कहाण्या येतात, सरकीची कहाणी येत नाही.

रोझियमचं राज्यही फार टिकलं नाही. १९१७ ते १९१९ या काळात इंडियन कॉटन कमिटी देशभर फिरली, आणि लांब धाग्याचा कापूस वाढवायचं धोरण जोर धरू लागलं. १९२३ आणि १९२५ मध्ये कापसाच्या वाहतुकीवर आणि जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांवर नियंत्रण आणणारे कायदे झाले. नागपूर-अकोल्याच्या संशोधकांनी पिवळ्या फुलांच्या 'व्हेरम'मधून बऱ्या धाग्याचे वाण काढले आणि ते रोझियमच्या जागी आले. म्हणजे वऱ्हाडातली शेतं एकदा पांढरी झाली होती ती पुन्हा पिवळी होऊ लागली. १९३०च्या दशकात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत हचिन्सन यांनी आशियाई कपाशीच्या फुलांच्या रंगाचा वारसा आणखी बारकाईने तपासला. स्वातंत्र्यानंतर अमेरिकन जाती आणि त्यांचे संकरित वाण वाढत गेले. देशी कपाशीत गुणसूत्रं सव्वीस, अमेरिकनमध्ये बावन्न, त्यामुळे दोघींचं सहजासहजी जमत नाही. देशी फुलं नव्यात मिसळली नाहीत, बाजूला सरली. २००२ मध्ये बीटी आलं आणि उरलीसुरली देशीही वावराच्या कडेला गेली.

आज यवतमाळच्या शेतकऱ्याला कपाशीचं फूल बघावं लागतं ते वेगळ्याच कारणाने. पाकळ्या उमलायच्या ऐवजी गुंडाळलेल्या, चिकटलेल्या दिसल्या की ती डोमकळी, आणि आत गुलाबी बोंडअळी. २०१७ मध्ये या अळीने आणि त्याच हंगामातल्या फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्याचं काय केलं ते सांगायला नको. फूल आता अळीची खबर देतं, बियाण्याची देत नाही. बहुतेक पाकिटांतली कपाशी सारखीच फिकट फुलते. 'चोर बीटी' म्हणून गुपचूप विकलं जाणारं बियाणं असो की पावतीचं, पाकळीवरून ओळखायची सोय राहिलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी जिनच्या ढिगातून सरकी आणणाऱ्याला आपण काय पेरतो हे ठाऊक नव्हतं. त्याला निदान फुलोऱ्यात तरी कळायचं.

देशी कपाशी अगदी संपलेली नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या संग्रहात तिचे हजाराहून जास्त नमुने जपलेले आहेत. अकोल्याच्या विद्यापीठाने देशी वाण काढले. परभणीच्या विद्यापीठाने तर देशीतच लांब धागा आणून दाखवला. त्यांच्या एका वाणाचं नाव 'परभणी तुराब'. तुराब म्हणजे माती, हे उर्दू जाणणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आणि कोणाच्या घरी, कोणा कोलामाच्या पोडावर, एखाद्या दर्ग्याच्या किंवा देवळाच्या आवारात जुनी पऱ्हाटी अजून तग धरून असेल, तर २००१ च्या कायद्याप्रमाणे ती शेतकऱ्याचं वाण म्हणून स्वतःच्या नावावर नोंदवता येते. त्या नोंदीसाठी झाडाची एकेक खूण लिहावी लागते. पान कसं, बोंड कसं, धागा केवढा. त्याच खुणांमध्ये पाकळीचा रंग आहे, आणि पाकळीच्या तळाशी डोळा आहे की नाही हेही.